दंतरोपणातील यंत्रमानव

काढलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवताना ड्रिलची जागा, कोन आणि खोली सांभाळणारी संगणकनियंत्रित यंत्रणा. नाव यंत्रमानव असले तरी रूप माणसाचे नाही. रुग्णाच्या खुर्चीशेजारी चाकांच्या गाड्यावर उभा असलेला एक सांधेदार हात, एवढेच.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनमध्ये पेर-इंगव्हार ब्रोनमार्क यांनी १९५० च्या दशकात सशांवरील प्रयोगांत पाहिले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. स्क्रू टिकतो हे कळल्यावर प्रश्न उरला नेमक्या जागेचा. खालच्या जबड्यात दाढांच्या मुळांखालून संवेदनेची नस जाते. तिच्यापासून सुमारे २ मिमी. दूर राहावे, असा संकेत आहे. ती दुखावली तर खालचा ओठ व हनुवटी बधिर होते, क्वचित कायमची. वरच्या जबड्यात सायनसची पोकळी आड येते.

जबड्याचा त्रिमितीय सीबीसीटी स्कॅन काढून स्क्रू कुठे, किती तिरका आणि किती खोल, हे दंतवैद्य आधीच पडद्यावर ठरवतो. यंत्राचे काम त्यानंतरचे, आणि खरी अडचणही तिथेच. बहुतेकदा रुग्ण जागा असतो. आवंढा गिळतो, खोकतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतील पायाप्रमाणे जबडा जखडून ठेवता येत नाही. म्हणून दातांवर एक पट्टी घट्ट बसवून तिच्यावरून यंत्र जबड्याचा माग ठेवते. जबडा हलला की यंत्राचा हिशेबही त्याच्याबरोबर सरकतो. तोंडात दातच नसतील तर पट्टी बारीक स्क्रूंनी हाडाला धरवावी लागते, म्हणजे वाढीव जखम आलीच.

अमेरिकेत मायामीच्या निओसिस कंपनीच्या ‘योमी’ या यंत्राला डिसेंबर २०१६ मध्ये एफडीए या तिथल्या नियामक संस्थेची परवानगी मिळाली. यात ड्रिल दंतवैद्याच्याच हातात असते; ठरलेला मार्ग सुटू लागला की यंत्राचा हात विरोध करतो. सायकल शिकणाऱ्या पोराचे कॅरिअर मागून धरावे, तसा हा प्रकार. चीनने पुढची उडी घेतली. शीआन येथे सप्टेंबर २०१७ मध्ये यंत्राने एका महिलेच्या तोंडात दोन स्क्रू स्वतःच बसवले. डॉक्टर शेजारी होते, पण त्यांनी हात लावला नाही. काम सुमारे तासाभराचे, चूक ०.२ ते ०.३ मिमी. असल्याचे सांगण्यात आले. रोपणापलीकडच्या कामातही यंत्र आले: बॉस्टनच्या परसेप्टिव्ह कंपनीने २०२४ मध्ये कॅपसाठी दात तासण्याचे काम यंत्राकडून सुमारे १५ मिनिटांत करून घेतल्याचे जाहीर केले.

यंत्राच्या मर्यादा साध्याच आहेत. तोंड कमी उघडत असेल तर मागच्या दाढेपर्यंत अवजार पोहोचणे अवघड जाते. हाड तापून मरू नये म्हणून सलाईनची धार इथेही सोडावीच लागते. हाड भरपूर आणि बसवायचा दात एकच असेल, तर अनुभवी हाताला या खर्चिक यंत्राची फारशी गरज नसते. धूम्रपान, आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा हिरड्यांचा आजार यांनी स्क्रू निकामी होण्याचा धोका यंत्रामुळे टळत नाही. यंत्राने बसवला काय किंवा हाताने, स्क्रू हाडाशी एकजीव व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात.