न्यूटनची कडी

एकरंगी प्रकाशाच्या व्यतिकरणाने दिसणारी समकेंद्री, आलटून पालटून काळी व उजळ वर्तुळे. त्यांच्या व्यासांवरून प्रकाशाची तरंगलांबी काढता येते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी (स्थापना १९६२) संलग्न महाविद्यालयांत बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेणाऱ्यांचा हा ओळखीचा प्रयोग. कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाकाठच्या ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलात जे रंग दिसतात, त्यांच्यामागेही हेच तत्त्व आहे.

सपाट काचेवर बहिर्गोल भिंग ठेवले की दोहोंमध्ये हवेचा पातळ थर राहतो आणि तो कडेकडे जाड होत जातो. थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतलेले किरण एकमेकांत मिसळतात. खालच्या काचेवरून परतताना लाट उलटते, म्हणून काचा जिथे टेकतात तिथे उजेड न दिसता काळा ठिपका दिसतो. नवख्याला हे नेमके उलटे वाटते.

अंधाऱ्या खोलीत सोडियमचा पिवळा दिवा लावून सूक्ष्मदर्शकाची उभी तार कड्यांवर सरकवतात. स्क्रू एकाच दिशेने फिरवावा. मध्येच मागे फिरवला तर आट्यांतल्या ढिलाईमुळे वाचन चुकते. भिंगाची वक्रतात्रिज्या १०० सेंमी. असल्यास दहाव्या काळ्या कड्याचा व्यास सुमारे ०.४८६ सेंमी. व विसाव्याचा ०.६८७ सेंमी. भरतो. दोन व्यासांच्या वर्गांतील फरकाला कड्यांच्या क्रमांकांतील फरक आणि त्रिज्येची चौपट यांच्या गुणाकाराने भागले की तरंगलांबी मिळते. एकट्या कड्यावर विसंबत नाहीत, कारण मध्यभागी धुळीचा कण अडकला तर काचा नीट टेकत नाहीत. वजाबाकीत तो दोष निघून जातो.

कड्यांना न्यूटनचे नाव मिळाले ते त्याने ती बारकाईने मोजली म्हणून ('ऑप्टिक्स', १७०४). पातळ थरांतील रंगांचे वर्णन रॉबर्ट हूकने १६६५ मध्येच केले होते. प्रकाश कणांचा मानणाऱ्या न्यूटनला कड्यांचा लहरींवरून उलगडा करता आला नाही. तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टॉमस यंगने केला.

सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात ५८९० व ५८९६ अँगस्ट्रॉमच्या दोन रेषा असतात. वरील उदाहरणात विसाव्या कड्याचा व्यास ०.००१ सेंमी.ने चुकला, तरी उत्तर ३४ अँगस्ट्रॉमने ढळते. त्यामुळे दोन रेषा वेगळ्या मोजायला मायकेलसनच्या व्यतिकरणमापकासारखे साधन लागते. जर्नलात उत्तर बरोबर ५८९३, म्हणजे दोन्ही रेषांची सरासरी, आले असेल, तर वाचने मागाहून बसवली असण्याची शंका परीक्षकाने जरूर घ्यावी.