पाहण्यासारखे काय?

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याकडचे पाहुणे आले की चहाची बशी खाली ठेवता ठेवता त्यांचा प्रश्न ठरलेला : “गुरुजी, तुमच्या वाशिमात पाहण्यासारखे काय आहे हो?” मी त्यांना भवानी काळूंनी अठराव्या शतकात बांधविलेल्या बालाजीच्या देवळात नेतो, पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर बसवितो, फार तर कारंज्याला श्रीनृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानी धाडतो. मग पाहुणे हळूच अजिंठ्याची वाट विचारू लागतात.

अजिंठा म्हटले की मला हसूही येते आणि शरमही वाटते. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव, त्याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. तसा लेखच तेथे आहे. मी शाळेची सहल तेथे दोनदा नेली, मुलांना पद्मपाणी दाखविला, आणि आपल्या गावाचे नाते सांगायचे राहूनच गेले. मलाच ते ठाऊक नव्हते!

पंडितांना तरी ही शाखा कुठे ठाऊक होती? १९३९ साली वाशिमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला. त्याच्या राज्याच्या ३७ व्या वर्षी दिलेला. वंशावळ संस्कृतात, दानाचा मजकूर प्राकृतात. एक गाव ब्राह्मणांना दिल्याचा सरकारी कागदच म्हणा ना! पण मिराशी आदी विद्वानांनी तो वाचला, आणि या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन उजेडात आला.

हा राजा कवीही होता. सत्यभामेसाठी श्रीकृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला, त्यावर त्याने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. रसासाठी मूळ कथा कशी बदलावी, याचा दाखला म्हणून काश्मिरच्या आनंदवर्धनाने त्याचे नाव घेतले आहे. पोथी मात्र गेली. इतरांनी उतरून घेतलेली पद्ये तेवढी उरली. पुढे राजशेखराने तर ‘काव्यमीमांसे’त एक गोड गोष्ट सांगितली आहे : काव्यपुरुष रुसून घरातून निघाला, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडली, आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्मात त्या दोघांचा गांधर्वविवाह झाला.

यंदा पाहुण्यांना मी ही गोष्ट पद्मतीर्थाच्या पायरीवर सांगितली. वहिनींनी पाण्याकडे पाहत विचारले, “मग भावजी, लग्न लागले ते नेमके कुठे?”

“ते मात्र कुणी लिहून ठेवले नाही,” मी म्हणालो. त्या आणखी बराच वेळ तेथेच बसून राहिल्या.