सतिपट्ठान आणि चित्तशुद्धी

सतिपट्ठान (सं. स्मृत्युपस्थान) : काया, वेदना, चित्त आणि धर्म या चार विषयांवर जाग टिकवून मनातला मळ ओळखण्याची व झिजवण्याची बौद्ध साधना. तिचा मुख्य आधार म्हणजे मज्झिमनिकायातील दहावे सतिपट्ठानसुत्त व दीघनिकायातील बाविसावे महासतिपट्ठानसुत्त. हा उपदेश बुद्धांनी कुरू देशातील कम्मासधम्म या गावी केला असे सुत्तात म्हटले आहे. साधनेची फळे सांगताना पहिला मान प्राण्यांच्या विशुद्धीला दिला आहे.

मराठी वाचकाला येथे ओळखीचेच शब्द चकवतात. पालीतील ‘वेदना’ म्हणजे दुखणे नव्हे. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेला कोणताही अनुभव ही वेदनाच. ‘राग’ म्हणजे आसक्ती. संतापाला ‘दोस’ (द्वेष) हा शब्द आहे. तेव्हा ‘सराग चित्त सराग आहे असे जाणावे’ ही सूचना रागावलेल्या मनाविषयी आहे असे समजले, तर वाट पहिल्याच पावलाला चुकते. ‘सति’ ही मूळची स्मृतीच, पण तिच्यात गेलेले आठवण्यापेक्षा हाती घेतलेल्या विषयाचे भान न सुटणे महत्त्वाचे. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष आपल्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात तिचे लक्षण ‘न तरंगणे’ असे देतात आणि तिला द्वारपालाची उपमा देतात.

अभ्यास बहुधा श्वासापासून सुरू होतो. कुशल कातारी लांब फिरकी घेताना लांब आणि आखूड घेताना आखूड हे जाणतो, तसा साधक श्वास जाणतो. तो बदलायला जात नाही.

मळ कोणता, हे संयुत्तनिकायातील संगारवसुत्त पाण्याच्या भांड्यावरून दाखवते. लाख, हळद, नीळ कालवलेले पाणी म्हणजे कामेच्छा. उकळते पाणी म्हणजे द्वेष. शेवाळलेले म्हणजे आळस व सुस्ती. वाऱ्याने हललेले म्हणजे चंचलता व पश्चात्ताप. अंधारात ठेवलेले गढूळ पाणी म्हणजे शंका. डोळे शाबूत असूनही अशा पाण्यात माणसाला स्वतःचे तोंड दिसत नाही. हीच पाच नीवरणे, म्हणजे मनाला झाकणारे अडथळे.

नुसत्या साक्षीभावाने ती विरून जातात, असे आज सर्रास सांगितले जाते. सुत्ताची मागणी अधिक कडक आहे. नीवरण आहे का, नाही का, नसलेले कशाने उपजते, उपजलेले कशाने सुटते आणि सुटलेले पुन्हा का उपजत नाही, ही पाचही उत्तरे साधकाने जाणायची असतात. शिवाय सतीच्या जोडीला उद्यम (आतापी) आणि संपजञ्ञ, म्हणजे समजून-उमजून असणे, हवेच.

अंगुत्तरनिकायात सोने धुणाऱ्याचा दृष्टांत आहे. आधी खडे, मग जाडी वाळू, शेवटी बारीक वाळू व धूळ. मनाचेही तसेच : प्रथम काया, वाचा, मनाची दुष्कृत्ये जातात, नंतर काम, द्वेष, हिंसेचे विचार, मग नातलग, आपला मुलूख आणि ‘लोकांनी मला कमी लेखू नये’ हे सूक्ष्म विचार. त्यानंतरही धर्माविषयीचे विचार उरतात आणि तेही शमावे लागतात. त्याच निकायात चित्त प्रभास्वर आणि क्लेश ‘आगंतुक’, म्हणजे बाहेरून आलेले, म्हटले आहेत. त्यावरून मन मुळातच शुद्ध आहे का, याबद्दल पंथापंथांत मतभेद झाले.

आधुनिक काळात ब्रह्मदेशातील लेडी सयाडो (१८४६–१९२३) व महासी सयाडो (१९०४–८२) यांनी ही साधना गृहस्थांपर्यंत नेली. तेथीलच ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ती घेऊन भारतात आले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र त्यांचेच. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात आधी पंचशील, मग साडेतीन दिवस श्वास आणि त्यानंतर अंगभरच्या संवेदना, असा क्रम असतो. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी गोयंकांच्या येण्याआधीच विसुद्धिमग्गाचे देवनागरीत संपादन केले होते.