मागचे बाक

मोटारगाडीचे परीक्षण आपल्याकडे चालकाच्या आसनावरून करण्याची रीत आहे. इंजिनाची ताकद, गिअरचा सफाईदारपणा, वळणावर गाडी किती कलते, हे सारे चालकाला कळते आणि तोच ते लिहितो. गाडी एकट्यादुकट्याची असेल तर या रीतीला हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र ‘कुटुंबाची गाडी’ म्हणून जिची जाहिरात होते, तिच्यात चालक हा सात-आठ जणांतला एक असतो. तेव्हा अशा गाडीचा इतिहास मागच्या बाकावरून वाचावा, असे मला वाटते. २००२ साली आलेली आणि २०२२ साली मुळापासून नव्याने घडवलेली महिंद्रची स्कॉर्पिओ ही या वाचनासाठी सोयीची आहे. एक तर ती नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली. दुसरे म्हणजे मालेगावसारख्या गावात, जिथून चांगल्या इस्पितळासाठी शंभरएक किलोमीटरवरचे नाशिक गाठावे लागते आणि लग्नाला अर्धे घराणे एका गाडीत निघते, तिथे ‘किती माणसे मावतात’ हा प्रश्न ‘किती वेगाने धावते’ याच्या आधी विचारला जातो.

मावण्याची ही कल्पना जीपमधून आली. १९४५ साली लुधियानात ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी पेढी निघाली. फाळणीनंतर तिच्यातील भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये पेढीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. याच काळात अमेरिकेतील विलिस कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत ती जोडण्याचे काम सुरू झाले. मूळ जीप ही युद्धकाळातली, चार माणसांची आखूड गाडी. आपल्याकडे तिचा सांगाडा लांबला, त्यावर ताडपत्री चढली आणि मागे दोन्ही अंगांना लांब बाक आले, ज्यांवर माणसे एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसत. या बाकाला आसनसंख्या नसते, हेच त्याचे मर्म. ‘सरकून घ्या’ म्हटले की एक माणूस वाढतो. पुढे कमांडर आणि मार्शल या गाड्यांनी हीच रचना उचलली. काळ्या-पिवळ्या रंगातल्या जीपगाड्यांनी तालुक्याच्या गावांना आसपासच्या खेड्यांशी जोडले, तेही याच बाकांच्या जोरावर. चंदनपुरीच्या खंडोबाची यात्रा असो की सप्तशृंगगडाची, ती या बाकांवर बसून केलेली माणसे मालेगाव परिसरात घरोघर सापडतील.

नव्वदच्या दशकात ताडपत्री जाऊन पत्र्याचे छत आले, बाक मात्र टिकला. १९९३ ची आर्मडा, १९९४ ची टाटा सुमो (हे नाव सुमंत मूळगावकर यांच्या आद्याक्षरांवरून पडले, जपानी मल्लांवरून नव्हे), २००० सालची बोलेरो, या साऱ्यांच्या मागच्या भागात समोरासमोरची बैठक होती. घरची गाडी आणि भाड्याची गाडी यांच्यात यांत्रिकदृष्ट्या फारसा भेद नव्हता. फरक असलाच तर आसनाच्या कापडाचा आणि काचेवर लिहिलेल्या देवाच्या नावाचा.

स्कॉर्पिओने हा भेद निर्माण केला. पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखाली महिंद्रने ही गाडी परक्या परवान्याचा आधार न घेता स्वतः आखली आणि जून २००२ मध्ये ती बाजारात आणली. पाचसहाशे कोटींच्या घरात गेलेला तिचा खर्च परदेशी कंपन्यांच्या मानाने नगण्य होता, याचे त्या वेळी मोठे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. उंच बोनेट, चालकाला रस्त्यावरून जरा वरून पाहण्याचे मिळणारे सुख, मोटारीसारखे आतले रूप, यांमुळे जीपला प्रथमच प्रतिष्ठा आली. पुढाऱ्यांच्या ताफ्यांनी त्या प्रतिष्ठेचे काय केले, तो वेगळा विषय आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की दिमाखदार पुढच्या भागामागे तेच समोरासमोरचे बाक होते. घरातल्या बोलीत त्या जागेला ‘डिकी’ म्हणतात. ‘पोरांना डिकीत बसवा’ हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकले नाही, असा मोठ्या कुटुंबातला माणूस विरळा. घरातल्या सर्वांत लहानांना आणि पुष्कळदा सर्वांत कमी मान असलेल्यांनाही गाडीतली सर्वांत असुरक्षित जागा मिळत असे, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

असुरक्षित का, हे नीट सांगितले पाहिजे. गाडी समोरून आदळते तेव्हा तिच्यातील माणसाचे शरीर मूळ वेगाने पुढे जात राहते. समोर तोंड करून बसलेल्याला पट्टा छातीवर आणि कमरेच्या हाडावर धरतो, कारण तिथे धरण्याजोगी बळकट हाडे आहेत. बाजूला तोंड करून बसलेला मात्र कुशीवर फेकला जातो. त्याच्या मानेला आणि कमरेला आधार नाही, पट्टा असला तरी तो चुकीच्या दिशेने धरणार. कायद्यानेही या जागेकडे पाहिले नव्हते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १३८ व्या नियमाने पट्ट्याची सक्ती केली ती चालकाला, त्याच्या शेजाऱ्याला आणि मागे ‘समोर तोंड करून’ बसणाऱ्यांना. डिकीतली पोरे त्या शब्दयोजनेच्या बाहेर राहिली.

मे २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवलेल्या, एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले, आणि तिचा सांगाडाही अस्थिर ठरला. चौदा वर्षे ‘दणकट’ हे विशेषण मिरवणाऱ्या गाडीचा हा निकाल होता. जाड पत्रा म्हणजे सुरक्षा, ही आपली समजूत किती पोकळ होती ते यातून दिसले. धडकेची शक्ती गाडीने स्वतः चुरगळून गिळायची असते. ती गिळली नाही तर आतल्या माणसापर्यंत पोहोचते.

या पार्श्वभूमीवर २७ जून २०२२ रोजी आलेल्या स्कॉर्पिओ-एनकडे पाहावे. सांगाडा नवा, उत्पादन नाशिकऐवजी चाकणला. लांबी ४,६६२ मिलिमीटर, म्हणजे जुनीपेक्षा वीतभर अधिक. रुंदीही वाढली आणि उंची मात्र बरीच उतरली. डिझेल इंजिनाच्या वरच्या आवृत्तीत १७५ अश्वशक्ती आहे आणि तिच्याविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही. राहूडच्या घाटात भरलेली गाडीही दमत नाही, एवढे सांगून तो विषय मी सोडतो. मुख्य बदल मागे आहे. समोरासमोरचे बाक गेले आणि त्यांच्या जागी समोर तोंड केलेली दोघांची तिसरी रांग आली. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच ग्लोबल एनकॅपने, अधिक कडक झालेल्या कसोट्यांवर, तिला प्रौढांसाठी पाच आणि मुलांसाठी तीन तारे दिले.

या दोन तारखांच्या मधे, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते अत्यंत महागड्या गाडीत मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. ‘मागे बसणाऱ्याला पट्टा कशाला’ ही समजूत गरीब-श्रीमंत पाहत नाही.

आता दोष. तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे छातीशी येतात, आणि ती रांग उघडली की सामानाला जागाच उरत नाही. सात माणसे आणि त्यांच्या बॅगा असा हिशेब मांडणाऱ्या कुटुंबाला टोयोटाची इनोव्हा अधिक प्रामाणिक वाटेल, किंमत परवडली तर. नव्वारी नेसणाऱ्या आजीला या गाडीत चढणे आजही कष्टाचे आहे. शिवाय तारे ज्याचे त्याचे असतात. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील एनकॅप संस्थेने याच गाडीला शून्य दिले, कारण तिथल्या मोजपट्टीत आपोआप ब्रेक लावणाऱ्या आणि मार्गिका सांभाळणाऱ्या यंत्रणांना मोठे वजन आहे आणि त्या गाडीत त्या नव्हत्या. हा निकाल पाहून भारतातले पाच तारे खोटे ठरवणे अन्यायाचे होईल. पण पाच ताऱ्यांवर समाधान मानून थांबणेही भाबडेपणाचे आहे.

खरा पेच कंपनीनेच पुढे ठेवला. जुनी गाडी बंद झाली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ती ‘स्कॉर्पिओ क्लासिक’ या नावाने पुन्हा बाजारात आली, नऊ जणांच्या समोरासमोरच्या बैठकीसह. दोन्ही गाड्यांच्या सर्वांत खालच्या आवृत्तीची सुरुवातीची किंमत एकच होती, ११ लाख ९९ हजार रुपये. म्हणजे निवड निव्वळ पैशाची राहिली नाही. त्याच रकमेत सात जणांना पाच ताऱ्यांचा सांगाडा आणि समोर पाहणारी आसने, किंवा नऊ जणांना जुना बाक. नव्या गाडीसाठी ३० जुलैला अर्ध्या तासात लाखभर नोंदण्या झाल्या, तरी जुनीला गिऱ्हाईक उरलेच, आणि त्यांना अडाणी म्हणण्याची घाई मी करणार नाही. आई-वडील, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि तीन मुले एका चुलीवर जेवत असतील, तर सात आसनांची गाडी विकत घेणे म्हणजे दर प्रवासाला दोघांना घरी ठेवणे. कोणाला ठेवायचे हे प्रत्येक वेळी ठरवणे सोपे नसते. बहुधा घरच्या सुनाच मागे राहतात.

तरीही मला विचाराल तर नवीच घ्यावी, मुलांना मधल्या रांगेत पट्टा लावून बसवावे आणि तिसरी रांग धडधाकट तरुणांना द्यावी. मालेगावहून नाशिकला एसटी दिवसभर मिळते. उरलेल्या दोघांनी तिने यावे, आणि तेही आलटून पालटून.