नियमांआधी आई
आमच्या शाळेतल्या एका मुलीला यंदा परगावच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. पहिला आठवडा नव्या मुलींना सगळी माहिती देण्यासाठी असतो, असं मी सांगितलं. तिची अम्मी म्हणाली, "मॅडम, ते ठीक आहे, पण तिथं तिचं कोण?"

हाच प्रश्न अलीगढमध्येही होता. शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ साली तिथे मुलींची शाळा काढली. १९१४ मध्ये वसतिगृह सुरू झालं. पडद्यातल्या घरांनी मुलगी परक्या गावी ठेवायची कुणाच्या भरवशावर? वहीद जहाँ स्वतः मुलींची देखभाल करू लागल्या. मुली त्यांना 'आला बी' म्हणत, शेखसाहेबांना 'पापा मियाँ'. त्यांच्या स्वतःच्या मुलीही तिथेच शिकल्या. त्यांतल्या रशीद जहाँ पुढे डॉक्टर आणि उर्दू लेखिका झाल्या. त्याच शाळेचं पुढे महिला महाविद्यालय झालं.

आईबापांचा विश्वास माहितीपत्रकाने नाही, माणसाने मिळवला होता.

मी त्या अम्मींना म्हटलं, "मुलीला थांबवू नका. पहिल्या दिवशी सोबत जा. वॉर्डनबाईंना भेटा, खोली बघा, मनातलं सगळं विचारा." विद्यापीठांनीही त्या आठवड्यात एक दिवस आयांसाठी ठेवावा.