निजामसागर आणि मांजरेचे खोरे : एका अभ्यासदौऱ्याची पूर्वतयारी

मराठवाड्यातील इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे अभ्यासदौरे बहुधा लेणी, किल्ले व मंदिरे यांभोवती फिरतात. नांदेडहून निघालेला विद्यार्थिवर्ग कंधारचा किल्ला पाहतो, लातूरहून निघालेला औसा व उदगीर येथे जातो. धरण हे इतिहासाचे साधन होऊ शकते, ही कल्पना अद्यापि आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. धरण पाहावयाचे ते अभियंत्यांनी किंवा सहलीला निघालेल्या कुटुंबांनी, असाच सर्वसाधारण समज आहे. वास्तविक नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांच्या आधुनिक इतिहासाशी ज्याचा अतिशय निकटचा संबंध आहे असे एक धरण या जिल्ह्यांच्या सीमेपलीकडे अगदी जवळ उभे आहे. ते म्हणजे निजामसागर.

हे धरण मांजरा नदीवर, अच्चमपेठ व बंजेपल्ली या गावांच्या परिसरात बांधलेले आहे. पूर्वी हा भाग निजामाबाद जिल्ह्यात मोडत असे. २०१६ मधील तेलंगणातील जिल्हा-पुनर्रचनेनंतर तो कामारेड्डी जिल्ह्यात गेला. बांधकाम १९२३ मध्ये सुरू झाले व १९३१ मध्ये पूर्ण झाले. हैदराबाद संस्थानचे मुख्य अभियंता नवाब अली नवाज जंग बहादूर यांच्या नावाशी हे काम कायमचे जोडले गेले आहे. सुमारे तीन किलोमीटर लांबीची दगडी भिंत, पावणेतीन लक्ष एकरांच्या सिंचनाचे उद्दिष्ट आणि सुमारे २९.७ अब्ज घनफुटांची मूळ साठवणक्षमता, एवढे आकडे त्या काळाच्या मानाने कोणालाही थक्क करणारे होते. या पाण्याच्या बळावर बोधनजवळ शक्करनगर येथे निजाम साखर कारखाना उभा राहिला, आणि ऊस व भात यांनी त्या प्रदेशाचे रूप पालटले. जलाशयाखाली चाळीसच्या आसपास गावे गेली, याचा उल्लेख मात्र गौरवपर लिखाणात एखाद्या वाक्यात उरकला जातो.

दौऱ्याची आखणी करताना पहिला प्रश्न मार्गाचा येतो. नांदेडहून नायगाव, नरसी, देगलूर व मदनूर असा सरळ रस्ता आहे. लातूरकरांना उदगीरवरून देगलूर गाठता येते. परंतु सरळ रस्त्याने थेट भिंतीपाशी जाऊन उभे राहणे हीच अभ्यासाच्या दृष्टीने पहिली चूक ठरेल. मांजरा ही बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. लातूर जिल्ह्यातून वाहताना तावरजा, घरणी, तेरणा यांचे पाणी घेते, बीदरच्या प्रदेशातून पुढे जाते, मेदकच्या बाजूने मोठे वळण घेऊन उत्तरेकडे फिरते आणि अखेरीस नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर कुंडलवाडीजवळ गोदावरीस मिळते. सुमारे ७२४ किलोमीटरांच्या या प्रवासात नदी मराठी, कन्नड व तेलुगू अशा तीन भाषांच्या मुलखातून जाते. १९५६ पर्यंत हे तिन्ही मुलूख एकाच राज्यात होते. म्हणून दौऱ्याचा आरंभ धनेगाव येथील मांजरा प्रकल्पापासून व्हावा आणि शेवट गोदावरीच्या संगमापाशी. निजामसागर मध्ये यावा.

असा क्रम ठेवला म्हणजे जो प्रश्न एरवी मनात येत नाही तो आपोआप पुढे उभा राहतो. ज्या नदीचे वरचे खोरे लातूर परिसरात आहे, तिच्यावरील संस्थानचे सर्वांत मोठे धरण खाली तेलंगणात का झाले? या प्रश्नाचे तयार उत्तर मराठवाड्यात सर्वत्र ऐकू येते: निजामाने मराठी मुलखाची उपेक्षा केली. हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही. तथापि संशोधकाने त्यावर थांबणे योग्य होणार नाही. तेलंगणात तलावांची व ओलिताच्या भातशेतीची परंपरा शतकानुशतकांची होती. ओलिताच्या जमिनीचा सारा हा संस्थानच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. उलट मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत ज्वारी, कापूस व गळिताची धान्ये कोरडवाहू पद्धतीने निघत. १९०० मध्ये नांदेडवरून हैदराबाद–मनमाड लोहमार्ग गेला, १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली. त्यायोगे या भागाचा कापूस बाहेरच्या बाजारपेठांशी बांधला गेला. पाण्यात पैसा गुंतवल्यास तो साऱ्याच्या रूपाने कोठे लवकर परत येईल, या हिशेबाचे उत्तर तेलंगणाच्या बाजूने पडणे स्वाभाविक होते. येथे एक गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. हिशेब महसुली होता म्हणून तो न्याय्य होता, असे मुळीच नाही. कोरडवाहू मुलूख कोरडवाहूच राहील हे गृहीत धरून केलेली गुंतवणूक त्या मुलखाला तसेच ठेवण्यास कारणीभूत होते. उपेक्षेचा आरोप भावनेच्या पातळीवरून उचलून महसुली धोरणाच्या पातळीवर आणला, तर तो अधिक टिकाऊ होतो.

त्यासाठी कागद पाहावे लागतील, आणि पूर्वतयारीचा कठीण भाग तोच आहे. संस्थानचे दफ्तर मुख्यतः हैदराबाद येथील राज्य अभिलेखागारात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राज्यकारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. म्हणून या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास उर्दू लिपीचा परिचय करून घेतल्यावाचून गत्यंतर नाही. पूर्वी मराठवाड्यातील प्रत्येक वकील व पेशकार ती लिपी सहज वाचत असे. आज पदव्युत्तर वर्गांत ती वाचणारे विरळ आहेत. दुसरी अडचण कालगणनेची. अहवालांवर फसली सन असतो व तो ऑक्टोबरात बदलतो. फसली आकड्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३३३ फसली म्हणजे १९२३–२४. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत एक वर्षाचा फरक सहज पडतो. तिसरी अडचण चलनाची. खर्चाचे आकडे हाली सिक्क्यात आहेत की कलदार रुपयात, हे तपासल्याखेरीज कोणतीही तुलना करू नये. साधारणपणे सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार.

प्रत्यक्ष स्थळी काय पाहावे? भिंत तर दिसतेच. तिच्याहून महत्त्वाचा आहे जलाशयातील गाळ, आणि तो पाहावयाचा तर उन्हाळ्यात, पाणी ओसरल्यावर गेले पाहिजे. गाळाने या जलाशयाची क्षमता झपाट्याने घटली. पुढे पाण्याची पातळी वाढवूनही ती सुमारे १७.८ अब्ज घनफुटांपर्यंतच आली. हा गाळ वरच्या खोऱ्यातून, म्हणजे अंशतः बालाघाट व लातूरच्या शेतांतून वाहून आलेली माती आहे. पाण्याच्या वाटपाविषयी राज्याराज्यांत कज्जे झाले, मातीविषयी कोणी झाला नाही. वरच्या बाजूस झालेल्या धरणांनी, विशेषतः हैदराबाद शहराच्या पाण्यासाठी बांधलेल्या सिंगूर धरणाने, निजामसागराकडे येणारा ओघही आटवला. म्हणजे वरच्या मुलखाला डावलून बांधलेले धरण पुढे स्वतःच खालच्या बाजूचे ठरले.

भिंतीपासून जवळच बिचकुंदा व जुक्कल ही गावे आहेत. १९५६ पूर्वी ही दोन्ही मंडळे नांदेड जिल्ह्याच्या देगलूर तालुक्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा ही मंडळे, तसेच मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे, आंध्र प्रदेशाकडे गेली. उलट बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मराठवाड्यास मिळाले. या परिसरातील घराघरांत मराठी अद्याप बोलली जाते. वृद्ध स्त्री-पुरुषांच्या मुलाखती येथे घ्याव्यात, आणि त्या लवकर घ्याव्यात. धरणाच्या बांधकामावर कोणत्या गावचे मजूर गेले, बुडालेल्या गावांतील कुटुंबे कोठे वसली, ही माहिती सरकारी अहवालांत क्वचितच सापडेल.

राज्यपुनर्रचनेनंतर निजामसागरास एक नवीनच स्थान प्राप्त झाले. १९६९ मध्ये गोदावरी पाणी तंटा लवाद नेमला गेला. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांच्यात झालेला करार पुढे १९८० च्या अंतिम निवाड्यात समाविष्ट झाला. त्या करारात महाराष्ट्राच्या हक्काची मोजणी पैठण, सिद्धेश्वर व निजामसागर या तीन धरणस्थळांपासून केली आहे: त्यांच्या खाली व पोचमपाडपर्यंतच्या पाण्यातून महाराष्ट्राने नव्या प्रकल्पांसाठी ६० अब्ज घनफुटांपर्यंत पाणी वापरावे. दुसऱ्या राज्यातील एक धरण अशा रीतीने नांदेड जिल्ह्याच्या पाण्याची कायदेशीर खूण बनले. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचा वाद याच तरतुदीभोवती फिरला. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल देऊन २.७४ अब्ज घनफुटांच्या या बंधाऱ्यास मान्यता दिली. परंतु १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे उघडे ठेवावेत आणि १ मार्च रोजी ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे, अशी अट घातली. त्यामुळे दौऱ्याचा दुसरा टप्पा नोव्हेंबरात ठेवणे सोयीचे. तेव्हा बाभळीचे दरवाजे बंद असतात व अडवलेले पाणी डोळ्यांनी दिसते.

लातूरच्या विद्यार्थ्यांना या विषयाचे गांभीर्य सांगण्याची आवश्यकता नाही. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले असता मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लक्ष लिटर पाणी होते. त्या वेळी उसाखालील क्षेत्रावर जी टीका झाली, तिची तुलना शक्करनगरच्या उसाशी अद्याप कोणी नीट केलेली दिसत नाही. एकाच नदीवर, दोन वेगवेगळ्या राजवटींत, धरणामागोमाग साखर कारखानाच का उभा राहिला, हा प्रश्न एखाद्या प्रबंधास पुरेल एवढा मोठा आहे. त्याची साधने हैदराबादच्या दफ्तरात आणि लातूर जिल्ह्यातील सहकारी संस्थांच्या वार्षिक अहवालांत विखुरलेली आहेत. तेलंगणाच्या पाटबंधारे खात्याची परवानगी आधी मागून ठेवावी आणि मार्चअखेर पहिली तुकडी धनेगावहून निघावी.