शिळा आणि स्मरण : कोर्लईच्या मृतांविषयीं

ज्युबिलीच्या आनंदांत ज्यांच्या श्रद्धेवर आपला धर्मग्राम उभा राहिला, त्या मृतांस विसरणें योग्य होणार नाहीं. म्हणून आम्ही हीं चार पानें त्यांच्या स्मरणास वाहतों.

कुंडलिकेच्या मुखाशीं एका तीरावर रेवदंडा व दुसऱ्या तीरावर कोर्लई आहे. पोर्तुगीज लोक इ. स. १५०५ सालीं चौलास आले. १५२१ सालीं त्यांनीं रेवदंड्यास किल्ला बांधावयास घेतला, आणि पुढें दोनशें वर्षांवर हें ठाणें त्यांच्या ताब्यांत होतें. येथें मरण पावलेल्या थोरामोठ्यांस देवळांत जागा मिळे व त्यांचें नांव शिळेवर कोरलें जाई. वसई १७३९ सालीं पडली. पुढच्याच वर्षीं चौल व कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झालीं. अधिकारी व सधन कुटुंबें निघून गेलीं, देवळें ढांसळलीं, शिळा मागें राहिल्या. मुंबईचे विद्वान डॉ. जे. गर्सन द कुन्हा यांनीं चौल व वसईच्या अवशेषांवर १८७६ सालीं ग्रंथ छापला, त्यांत असे कित्येक लेख उतरून घेतले आहेत. नांवें वांचलीं, पण त्या थडग्यांपाशीं गुडघे टेकणारीं नातवंडें तेथें उरलीं नव्हतीं.

कोर्लईस याच्या उलट घडलें. ज्यांस जावयास ठिकाण नव्हतें व साधनही नव्हतें, ते गरीब ख्रिस्ती येथेंच राहिले. त्यांची पोर्तुगीज वळणाची बोली अजून घरोघर चालते; बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. जे. क्लॅन्सी क्लेमेन्ट्स या भाषाशास्त्रज्ञांनीं तिच्यावर १९९६ सालीं ग्रंथ लिहिला. गरिबाच्या मातीवर कोण शिळा घालणार? परंतु त्या मातीस विचारणारीं माणसें गांवांतच राहिलीं.

२ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. क्लूनी मठाचे मठाधिपति संत ओदिलो यांनीं सहस्रकाच्या संधीस तो आपल्या मठांत चालू केला व तेथून तो सर्वत्र पसरला. या दिवशीं प्रत्येक धर्मगुरूस तीन मिस्सा अर्पण करण्याची मोकळीक आहे. ती प्रथम १७४८ सालीं चौदावे बेनेडिक्ट यांनीं स्पेन व पोर्तुगाल यांच्या मुलखांस दिली, आणि महायुद्धांत माणसें हजारोंनीं मरत असतां १९१५ सालीं पंधरावे बेनेडिक्ट यांनीं सर्व जगास दिली. दफनभूमी झाडून साफ करावी, कबरींवर फुलें वाहावीं, मेणबत्त्या लावाव्या, धर्मगुरूंनीं पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद द्यावा, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. आपल्या हिंदु शेजाऱ्यांसही ती परकी वाटत नाहीं. भाद्रपदांत पितृपक्षीं तेही आपल्या पितरांचीं नांवें घेतात.

तथापि, वाचकहो, एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथानें मृतांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा केली. पण वहींत नांव व तारीख राहते, माणूस राहत नाहीं. तो कोणत्या पडावावर तांडेल होता, त्याच्या आईनें त्याच्या उशाशीं कोणत्या शब्दांत प्रार्थना केली, हें फक्त वडीलधाऱ्यांस ठाऊक असतें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषेंत होऊं लागली, व येथें मराठी आली. तें योग्यच झालें. पण आजीच्या तोंडच्या जुन्या प्रार्थना आतां थोड्यांसच येतात.

म्हणून आमची विनंती एवढीच कीं, येत्या नोव्हेंबरांत कबरीवर मेणबत्ती लावतांना प्रत्येक घरानें आपल्या मृतांचीं नांवें मुलांकडून मोठ्यानें म्हणवावीं, त्यांच्याविषयीं जें ठाऊक असेल तें सांगावें, व आजीच्या प्रार्थना उतरून ठेवाव्या. रेवदंड्याच्या शिळांवर अक्षरें आहेत, पण तीं वाचून दाखवावयास घरचें कोणी नाहीं. कोर्लईवर ती पाळी येऊं नये. प्रभु त्यांस चिरविश्रांति देवो.